पूर्णेचें खोरें आणि मिठाचा हिशेब

एखाद्या प्रांताचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाची दृष्टि सहजच राजे, लढाया, तह व सनदा यांजकडे वळते. परंतु ज्या भूमीवर माणसें राहतात तिच्या पोटांत काय आहे, व तेथील विहिरींचें पाणी गोड आहे कीं खारें, यावरही त्या माणसांचें सुखदुःख तितकेंच अवलंबून असतें. वऱ्हाडच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. अमरावती व अकोला हे दोन जिल्हे आणि बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांस पसरलेला जो सपाट, काळाभोर व झाडांनीं विरळ असा मुलूख आहे त्यास लोक खारपाणपट्टा म्हणतात. या स्मरणिकेच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तेथील पाण्याचा घोट घेतला असेल. व ज्यांनीं घेतला असेल त्यांस त्याची चव पुन्हां सांगावयास नको.

हल्लीं या पट्ट्यापुढें एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. अकोला व अमरावती हीं शहरें वाढलीं, त्यांचें सांडपाणी वाढलें, आणि तें शुद्ध करून पुन्हां वापरावें, शेतीस द्यावें, असा विचार सर्वत्र बोलला जात आहे. विचार स्तुत्य आहे. तथापि जेथें जमिनीच्या पोटांत आधींच मीठ सांठलें आहे, तेथें असें पाणी कोणत्या वाटेनें न्यावें व कोणत्या शेतांत सोडूं नये हें ठरविण्यापूर्वीं या खोऱ्याचा पूर्वेतिहास जाणणें अवश्य आहे. तो थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. पूर्णा नदी सातपुड्यांत, मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यांत उगम पावते, डोंगर उतरून अमरावती जिल्ह्यांत येते, मग पश्चिमेस वळते व अकोला आणि बुलढाणा हे जिल्हे ओलांडून जळगांव जिल्ह्यांत चांगदेवाजवळ तापीस मिळते. उत्तरेस गाविलगडचे डोंगर व दक्षिणेस अजिंठ्याकडील डोंगरांची रांग, यांच्या मधें हें खोरें एखाद्या लांबट परातीसारखें पसरलें आहे. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर व वाण, आणि दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा व मन, अशा अनेक नद्या पूर्णेस येऊन मिळतात. या सर्व नद्यांनीं हजारों वर्षें डोंगरांची माती आणून या परातींत ओतली. त्या गाळाचा थर कांहीं ठिकाणीं तीनशें मीटरांहून अधिक खोल आहे. खारपाणपट्ट्याचें क्षेत्र सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर भरतें. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगांव, संग्रामपूर, नांदुरा हीं सर्व नांवें या मुलखाचीं आहेत.

आतां प्रश्न असा कीं समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या मुलखांत मीठ आलें कोठून? समुद्राचें पाणी येथें कधीं काळीं कोंडलें असावें, अशी कल्पना कोणासही सहज सुचेल. परंतु मृत्तिकाशास्त्राचे अभ्यासक या मिठाचें कारण घरांतलेंच सांगतात. काळा खडक झिजतो तेव्हां त्यांतून सोडियम, कॅल्शियम इत्यादि द्रव्यें सुटून पाण्यांत उतरतात. जेथें पाऊस भरपूर व उतार चांगला, तेथें तीं पाण्याबरोबर नदींत व नदीबरोबर समुद्रांत जातात. पूर्णेच्या खोऱ्यांत उतार अत्यल्प, माती चिकण व घट्ट, पाऊस वर्षास सुमारें सातशें ते साडेआठशें मिलिमीटर आणि तोही तीन-चार महिन्यांतच संपणारा. उरलेले आठ महिने ऊन जमिनींतील ओल वर ओढून घेतें. पाणी वाफ होऊन उडून जातें; मीठ मात्र उडत नाहीं, तें मागें राहतें. हा क्रम हजारों वर्षें चालला, व त्याचें फळ म्हणजे खारपाणपट्टा होय.

याच तत्त्वाचें अधिक ठळक उदाहरण वऱ्हाडांतच आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हें उल्कापातानें पडलेल्या विवरांत सांठलेलें असून त्यास बाहेर पडावयास वाट नाहीं. चोहोंकडून पाणी आंत येतें व उन्हानें आटतें. म्हणून त्याचें पाणी अत्यंत क्षारयुक्त झालें आहे. काच व साबण करण्यास लागणारे क्षार तेथें मिळतात, ही नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत केलेली आहे. पूर्णेचें खोरें लोणारप्रमाणें सर्वस्वीं बंद नाहीं. परंतु त्याची वाट अरुंद व पाण्याची चाल मंद आहे. पाणी येतें, पण पुरतें जात नाहीं. वऱ्हाडच्या खाऱ्या पाण्याचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे, व पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें अशी आमची विनंति आहे.

या मिठाकडे निरनिराळ्या काळांतील लोकांनीं निरनिराळ्या दृष्टीनें पाहिलें. जुन्या काळीं तें उत्पन्नाचें साधन होतें. पूर्णेच्या कांठीं खाऱ्या विहिरी खणून त्यांचें पाणी उन्हांत आटवीत व मीठ काढीत. समुद्रकांठचें मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून येत असे. त्यास वाटेचा खर्च फार पडे. तेव्हां घरच्या विहिरीचें मीठ, मग तें कमी प्रतीचें कां असेना, गरिबांस परवडत असे. पुढें १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. मिठावर सरकारी कर व सरकारी ताबा आला. १८६७ सालीं रेल्वे नागपुरापर्यंत पोहोंचली व किनाऱ्याचें मीठ आगगाडीनें येऊं लागलें. इंग्रजी अमलांत विहिरींच्या मिठाचा धंदा बंद पडला. ज्या द्रव्यानें कांहीं कुटुंबें पोसलीं जात, तें आतां केवळ पाण्याचा दोष होऊन राहिलें.

तथापि त्या विहिरींस एकदां पुन्हां इतिहासांत स्थान मिळालें. १९३० सालीं देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां वऱ्हाडास समुद्र नव्हता. परंतु खारपाणाच्या विहिरी होत्या. अकोल्याच्या उत्तरेस दहिहांडा या गांवीं एप्रिल महिन्यांत खारें पाणी आटवून मीठ करण्यांत आलें व कायदा मोडण्यांत आला. ज्या पाण्यानें शेतकऱ्याचें पीक होरपळत असे, त्याच पाण्यानें त्यास त्या दिवशीं राष्ट्रकार्यांत भाग दिला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

शेतीच्या दृष्टीनें मात्र हें मीठ सदैव वैरीच राहिलें. येथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या आकाशाच्या भरंवशावर कापूस, ज्वारी, तूर, मूग व उडीद घेत आला. पावसाळ्यानंतर जमिनींत ओल उरली तर तीवर हरभरा पेरीत आला. इतरत्र विहीर खणली कीं बागाईत होते. येथें विहीर खणली तरी तिचें पाणी पिकास देण्याची सोय नाहीं. याचें कारण केवळ चवींत नाहीं, तें मातीच्या रचनेंत आहे. चिकण मातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यांस कॅल्शियम बिलगलेलें असेल तर ते एकमेकांस धरून राहतात, माती रवाळ होते व तिच्या छिद्रांतून पाणी खालीं उतरतें. त्याच कणांस सोडियम बिलगलें कीं ते सुटे होऊन पसरतात व सर्व छिद्रें बुजवून टाकतात. अशा जमिनींत पावसाचें पाणी वर तुंबून राहतें आणि हातभर खालीं माती कोरडीच असते. पीक एकाच वेळीं वरून कुजतें व खालून तहानेलेलें राहतें.

याहूनही चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी कीं सोडियमनें बिघडलेल्या जमिनीस नुसतें गोडें पाणी दिलें तरी ती सुधारतेच असें नाहीं. पाण्यांत विरलेलें मीठ मातीचे कण कांहीं अंशीं एकत्र धरून ठेवीत असतें. तें धुऊन निघालें व सोडियम मात्र कणांस चिकटूनच राहिलें, तर माती अधिकच मिटते. म्हणून प्रथम जिप्सम घालून सोडियमच्या जागीं कॅल्शियम आणावें लागतें, व सुटलेलें सोडियम वाहून जाण्यास चर काढून वाट करून द्यावी लागते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेनें व १९६९ सालीं अकोल्यास स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें या जमिनींचा पुष्कळ अभ्यास केलेला आहे. त्या अभ्यासाचें सार आमच्या अल्पमतीप्रमाणें हेंच कीं, या खोऱ्यांत पाणी देण्यापूर्वीं पाणी काढून नेण्याची व्यवस्था पाहिली पाहिजे.

आतां पिण्याच्या पाण्याची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर डोंगरांच्या पायथ्याशीं धरणें झालीं. काटेपूर्णेवर महान येथें धरण झालें व त्याचें पाणी अकोला शहरास मिळूं लागलें. उत्तरेस वाण व शहानूर या नद्या अडविण्यांत आल्या. या धरणांतून नळ टाकून खारपाणांतील गांवांस गोडें पाणी पोहोंचविण्याच्या योजना निघाल्या. अकोटाकडील चौऱ्यांशी खेड्यांची योजना व खांबोऱ्याची चौसष्ट खेड्यांची योजना यांचीं नांवें अकोला जिल्ह्यांत सर्वांच्या तोंडीं आहेत. या नळांनीं लाखों लोकांवर उपकार केले यांत संशय नाहीं. परंतु नळ लांबचा, गांवें पुष्कळ, व शेवटच्या गांवीं पाणी येण्यास कधीं कधीं कित्येक दिवस लागतात. तोंवर तीच जुनी विहीर. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या गांवांतून नेहमीं ऐकूं येते, व लोक तिचा संबंध आपल्या पाण्याशीं लावतात. २०२३ च्या एप्रिल महिन्यांत वाणेच्या पाण्याची एक योजना थांबली म्हणून बाळापूर भागांतील लोक टँकरांत खारें पाणी भरून अकोल्याहून नागपूरच्या वाटेस लागले होते. दुसऱ्या बाजूस तेल्हाऱ्याकडील बागाईतदारही आपल्या हक्काच्या धरणांतून पाणी बाहेर जाऊं देण्यास नाखूष होते. दोघांचीही गरज खरी होती. गोड्या पाण्याचा एक एक घोट या मुलखांत किती जणांनीं मागितलेला असतो हें त्या प्रसंगानें सर्वांस दिसलें.

शहरांत आलेलें हें गोडें पाणी पुढें कोठें जातें? न्हाणीघरांतून, मोरींतून व शौचकूपांतून तें नाल्यांत उतरतें. अकोल्याचें सांडपाणी मोर्णेंत जातें व मोर्णा पूर्णेस मिळते. अमरावतीची गोष्ट तर अधिकच लक्षांत घेण्याजोगी आहे. या शहरास मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणांतून पाणी येतें. वर्धेचें पाणी निसर्गक्रमानें गोदावरीमार्गें बंगालच्या उपसागरास जावयाचें. तें अमरावतीच्या घरांतून फिरून अंबा नाल्यानें पेढींत, पेढींतून पूर्णेंत येतें व अरबी समुद्राची वाट धरतें. म्हणजे एका खोऱ्याचें पाणी व त्यांतील क्षार दुसऱ्या खोऱ्यांत, व तेंही नेमकें भातकुलीकडील खारपाणांत, येऊन पडतात.

मोर्णा नदी जलपर्णीनें व घाणीनें इतकी भरली होती कीं २०१८ च्या जानेवारींत अकोल्याचे नागरिक हजारोंच्या संख्येनें तिच्या पात्रांत उतरले व त्यांनीं ती आपल्या हातांनीं साफ केली. देशाच्या पंतप्रधानांनीं त्याच महिन्यांत आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत त्या उद्योगाचा गौरव केला. परंतु नदी एकदां साफ करणें व तींत घाण पडूं न देणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यासाठीं शिलोडा येथें दररोज ३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचें केंद्र उभारण्यांत आलें. शुद्ध झालेल्या पाण्याचें काय करावयाचें हा प्रश्न येथून सुरू होतो.

या पाण्याचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. तें उन्हाळ्यांतही आटत नाहीं. पाऊस पडो वा न पडो, शहर राहतें तोंवर तें येतच राहतें. त्यांत नायट्रोजन व फॉस्फरस असतात. सोनखताचा उपयोग आमच्या वाडवडिलांस ठाऊक होता, व हें पाणी म्हणजे एका अर्थीं विरलेलें सोनखतच होय. शहरांच्या खालच्या अंगास नदीकांठचे शेतकरी असें पाणी पंपानें उचलतांना सर्वत्र दिसतात, व टंचाईच्या दिवसांत त्यांस कोणी दोष देऊं शकणार नाहीं. कच्च्या सांडपाण्यापेक्षां शुद्ध केलेलें पाणी त्यांस मिळालें तर भाजी पिकविणाऱ्याचें व खाणाऱ्याचें, दोघांचेंही आरोग्य राखलें जाईल.

परंतु शुद्धीकरण या शब्दानें भुलून जाऊं नये. अशा केंद्रांत सेंद्रिय घाण जंतूंकरवीं कुजवून नाहींशी करितात, गाळ खालीं बसवितात, व रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन घालतात. पाण्यांत विरलेलें मीठ मात्र या सर्व क्रियांतून जसेंच्या तसें पार निघून जातें. नळाचें पाणी घरांतून फिरून बाहेर येतें तेव्हां त्यांत स्वयंपाकाचें मीठ, साबण, सोडा व मानवी मलमूत्र यांच्या योगानें दर लिटरमागें साधारणतः दोनशें ते चारशें मिलिग्रॅम क्षारांची भर पडलेली असते, व या भरींत सोडियमचा वांटा मोठा असतो. घाण कुजते, मीठ कुजत नाहीं, जळत नाहीं, तें केवळ जागा बदलतें.

हिशेब करून पाहूं. एखाद्या शुद्ध केलेल्या पाण्यांत लिटरमागें १ ग्रॅम क्षार आहेत असें समजा. दररोज ३ कोटी लिटर पाणी म्हणजे दररोज ३० टन क्षार. एका एकरास वर्षांत ५०० मिलिमीटर उंचीचें पाणी दिलें तर तें सुमारें २० लाख लिटर होतें, व त्याबरोबर त्या एकरांत सुमारें २ टन क्षार येऊन पडतात. पांच वर्षांत १० टन. ज्या जमिनींतून पावसाचें पाणी खालीं झिरपून वाहून जातें तेथें हा भार दरवर्षीं कमी होतो. ज्या जमिनींतून कांहींच झिरपत नाहीं तेथें तो तेथेंच राहतो. आरंभीं दोन-तीन वर्षें पीक जोमानें येतें, व शेतकऱ्यास वाटतें कीं आपलें भाग्य उदयास आलें. मग जमीन हळूहळू मिटूं लागते. या हिशेबांत रागद्वेष कोणाचाच नाहीं. तो केवळ बेरजेचा आहे.

इतर देशांचा अनुभव येथें उपयोगी पडेल. समुद्रकांठीं हा प्रश्न निराळ्या रूपानें येतो. उत्तर कोंकणांत वसईसारख्या किनारपट्टीवर गोड्या पाण्याचा उपसा फार झाला कीं समुद्राचें पाणी जमिनीखालून विहिरींकडे सरकतें, हें तेथील वाडीवाल्यांस चांगलें ठाऊक आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील ऑरेंज काउंटी येथें हेंच संकट होतें. तेथें १९७६ पासून शुद्ध केलेलें सांडपाणी किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जमिनींत दाबण्यांत आलें. हेतु हा कीं गोड्या पाण्याची भिंत होऊन समुद्र मागें रेटला जावा. इस्रायल देशांत तेल अवीव नगराचें सांडपाणी शुद्ध करून वाळूच्या टेकड्यांत मुरवितात, तेथून तें पुन्हां उपसून दक्षिणेच्या नेगेव्ह वाळवंटांतील शेतीस नेतात. आमच्याच देशांत २०१८ पासून बेंगळूरूचें शुद्ध केलेलें सांडपाणी कोलार जिल्ह्यांतील कोरड्या तळ्यांत सोडण्यांत येत आहे. त्यामुळें तेथील विहिरींस पाणी चढलें, व त्याचबरोबर त्या पाण्याच्या शुद्धतेविषयीं वादही न्यायालयापर्यंत गेला.

हीं उदाहरणें पाहून वऱ्हाडांतही तसेंच करावें असें कोणी म्हणेल. परंतु नीट पाहिलें तर त्या प्रत्येक ठिकाणीं मिठासाठीं कांहीं ना कांहीं वाट काढलेली दिसते. ऑरेंज काउंटींत पाण्याचा कांहीं भाग यंत्राच्या सूक्ष्म पडद्यांतून गाळून त्यांतील मीठच वेगळें करीत, व शेजारीं समुद्र होता. इस्रायलांत वाळूची जमीन पाणी सहज खालीं सोडते. तरीही तेथें जमिनींत सोडियम वाढूं लागलें, तेव्हां कपडे धुण्याच्या भुकटींत सोडियम व बोरॉन किती असावें यावर त्या देशानें नियम घातले. मीठ मागाहून काढण्यापेक्षां तें मोरींतच पडूं न देणें स्वस्त, हें त्यांनीं ओळखलें. पूर्णेच्या खोऱ्यांत वाळूच्या टेकड्या नाहींत, समुद्र शेजारीं नाहीं, आणि माती तर पाण्यास वाट देण्यास नाखूष. समुद्रकांठच्या विहिरीस खारेंपण बाहेरून येतें. आमच्या विहिरीस तें आंतूनच येतें. रोग दिसण्यांत सारखा असला तरी औषध एक असूं शकत नाहीं.

तर मग हें पाणी वायां जाऊं द्यावें काय? मुळींच नाहीं. आमच्या मतें त्याचा खरा उपयोग अदलाबदलींत आहे. केंद्र सरकारनें जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणांत असा नियम केला कीं ज्या औष्णिक वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आंत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल, त्यानें तें शुद्ध केलेलें पाणी वापरावें. नागपुरांत भांडेवाडी येथें शुद्ध होणारें पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास जातें. अकोल्यापासून पारसचें वीजकेंद्र या मर्यादेच्या पुष्कळच आंत आहे. जें गोडें पाणी वीजकेंद्र व कारखाने यांस लागतें, तेथें शहराचें वापरलेलें पाणी द्यावें, व तितकेंच गोडें पाणी खारपाणांतील गांवांच्या नळांस व पिकाच्या एखाद्या संरक्षक पाळीस मोकळें करावें. वापरलेलें पाणी यंत्रास, गोडें पाणी माणसास व मातीस, असा हा व्यवहार आहे.

मात्र येथेंही मिठाचा हिशेब सुटत नाहीं. वीजकेंद्रांत पाण्याची वाफ होते व मागें राहिलेलें पाणी अधिक खारें होतें. तें गुपचूप नदींत सोडलें तर पूर्णेस कांहींच लाभ झाला नाहीं असें होईल. म्हणून त्याच्या विल्हेवाटीची अट करारांतच घातली पाहिजे. जेथें शेतीसच पाणी द्यावयाचें असेल तेथें आधीं जमिनीची व पाण्याची परीक्षा करावी. निचऱ्याच्या हलक्या जमिनीस तें द्यावें, काळ्या चोपण जमिनीस देऊं नये. जिप्सम व चर यांची तरतूद पाण्याबरोबरच करावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांपेक्षां कापूस व चारा यांस प्राधान्य द्यावें. आणि आसपासच्या विहिरींचें पाणी दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासून त्याचा आंकडा गांवच्या चावडीवर लावावा. ज्याच्या शेताखालचें पाणी बदलत आहे त्यास तें सर्वांआधीं कळलें पाहिजे.

खारपाणाचा स्वतःचा उपाय मात्र त्याच्या आकाशांतच आहे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्यानें चाललेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत या पट्ट्यांतील ९३२ गांवें घेण्यांत आलीं. शेततळीं खणून पावसाचें गोडें पाणी वरच्यावर धरावें, व सप्टेंबरांत पावसानें ओढ दिली असतां तुषार सिंचनानें पिकास एक-दोन पाळ्या द्याव्या, ही रीत त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं पसरली. ज्या चिकण मातीनें पाणी खालीं जाऊं दिलें नाहीं, तीच माती तळ्यांत पाणी धरून ठेवते. दोषाचा गुण करण्याचें हें उत्तम उदाहरण होय.

वाचकहो, या खोऱ्यानें मिठास उत्पन्न म्हणून पाहिलें, कर म्हणून पाहिलें, सत्याग्रहाचें साधन म्हणून पाहिलें, व दुर्दैव म्हणूनही पाहिलें. आतां त्याकडे हिशेबाची बाब म्हणून पाहण्याची वेळ आली आहे. शहरांत राहणारे आपण जें पाणी मोरींत ओततो तें नाहींसें होत नाहीं. तें मोर्णेनें वा पेढीनें जाऊन कोणा शेतकऱ्याच्या बांधाशीं उभें राहतें, व आपल्या घरांतील मीठ त्याच्या हवालीं करितें. शेजाऱ्याच्या शेतांत आपण काय पाठवितों याची चौकशी ठेवणें हा शेजारधर्माचाच भाग आहे. ती चौकशी आजपासून ठेवली गेली, तर पुढील ज्युबिलीची स्मरणिका उघडणाऱ्या पिढीस खारपाणांतील एखाद्या गांवीं पाहुणे म्हणून गेल्यावर यजमानापाशीं पाणी मागण्यास संकोच वाटणार नाहीं.